कोल्ह्याची खतावणी

बर्फात कोल्ह्याचा माग ओळखायला अवघड नाही. कुत्र्याचा माग गबाळा असतो. पावलं फाकलेली, मध्येच उगाच गोल फिरलेला, एखाद्या झुडपापर्यंत धावत जाऊन परत आलेला. त्याचं जेवण घरी ठरलेलं असतं, त्यामुळे ताकद उधळायला त्याची हरकत नसते. कोल्हा एकामागे एक, जवळजवळ एका ओळीत पावलं टाकतो आणि मागचा पाय पुढच्या पायाने केलेल्या ठशातच ठेवतो. ठसा जेमतेम पाच सेंटिमीटरचा. हिवाळ्यात तळव्यांवर केस दाट होतात, म्हणून कडा पुसट उमटतात. मका कापून राहिलेल्या खुंटांमधून ही ओळ निघते, शेताच्या कडेच्या दगडी बांधाला लागते, ओढा गोठला असेल तर सरळ ओढ्यावरून पुढे जाते. एका रात्रीत सात-आठ किलोमीटर सहज. आणि मग कुठेतरी, वरवर काही कारण दिसत नसताना, ती ओळ वाकते.

सापळे लावणाऱ्या माणसाचं सगळं शास्त्र त्या वाकण्याभोवती फिरतं.

आम्ही राहतो ते गाव न्यूयॉर्क राज्याच्या मध्यावर, सिरॅक्यूजच्या पूर्वेला. न्यूयॉर्क म्हटलं की भारतातले नातेवाईक टाइम्स स्क्वेअरचे फोटो मागतात. इथे गोठे आहेत, मक्याची शेतं आहेत आणि ऑंटारियो सरोवरावरून ओला वारा येऊन पडणारा बर्फ आहे. सिरॅक्यूजला वर्षाकाठी सरासरी तीन मीटर पडतो म्हणजे बघा. शेजारचे गृहस्थ आयुष्यभर दुभत्या गायी सांभाळून आता थांबलेत. आमची मुलगी त्यांना आजोबा म्हणते. अर्थ समजल्यावर त्यांनाही ते आवडलं, तेव्हा इथेही ते आजोबाच. शाळेत असल्यापासून ते हिवाळ्यात कोल्ह्यांसाठी सापळे लावत आलेत. सुट्टीच्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर चक्कर मारायची मला सवय लागली आहे.

सापळा मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पायाला पोलादी जबडा बसलेलं जनावर रात्रभर एका जागी असतं, ही गोष्ट कितीही कायदेशीर असली तरी माझ्या घशाखाली उतरत नाही. आजोबांना हे ठाऊक आहे. ते वाद घालत नाहीत, मीही घालत नाही. पण त्यांच्यामागून चालताना कोल्ह्याविषयी जे कळत गेलं ते सफारीच्या जीपमध्ये बसून कधी कळलं नसतं.

आणि हा सापळाही इथलाच, म्हणजे अगदी शेजारगावचा. ओनायडा नावाचं छोटं शहर आमच्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर आहे. या भागात स्यूअल न्यूहाउस नावाच्या माणसाने १८२३ च्या सुमारास हाताने पोलादी सापळे घडवायला सुरुवात केली. पुढे १८४८ मध्ये जॉन हम्फ्री नॉइस या धर्मोपदेशकाने ओनायडाला एक वसाहत काढली. संपत्ती सगळ्यांची, मुलं सगळ्यांची, लग्नसुद्धा सगळ्यांचं सगळ्यांशी, आणि याच देही पापमुक्त जगता येतं असा विश्वास. न्यूहाउस त्या वसाहतीत दाखल झाला, सापळे यंत्रावर बनायला लागले आणि वसाहतीचा संसार त्यांच्यावर चालला. पृथ्वीवर स्वर्ग उतरवू पाहणारी ही मंडळी जगली कशावर, तर स्प्रिंगच्या सापळ्यांवर. वसाहत मोडल्यावर त्यांची कंपनी झाली, ती पुढे काटे-चमच्यांसाठी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या कित्येक घरांत आजही ओनायडाचे चमचे आहेत, आणि जेवताना कुणाला सापळे आठवत नाहीत. त्या लोकांचा मोठा वाडा अजून उभा आहे, आत संग्रहालय आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. नायगारा पाहून झाल्यावर.

असो. वाकण्याकडे येतो.

कोल्ह्याची ओळ दोन प्रकारांनी मोडते. एक म्हणजे बर्फाखालचा उंदीर. इथे व्होल नावाचे आखूड शेपटीचे गुबगुबीत उंदीर असतात. बर्फ आणि गवत यांच्यामधल्या पोकळीत ते हिवाळाभर बोगदे करून राहतात. कोल्हा थबकतो, मान वाकडी करून ऐकतो आणि उंच उडी मारून पुढच्या पायांवर नाक खुपसत पडतो. चेक शास्त्रज्ञांनी अशा शेकडो उड्यांची नोंद ठेवून २०११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दाट गवतात किंवा बर्फात, म्हणजे शिकार डोळ्यांना दिसत नसताना, कोल्हे बहुतेक वेळा ईशान्येकडे तोंड करून उडी मारतात आणि त्या दिशेच्या उड्या सर्वांत जास्त यशस्वी होतात, असं त्यांना आढळलं. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा कोल्हा अंतर मोजायला उपयोग करत असावा, हा त्यांचा तर्क. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी खिशातून होकायंत्र काढलं आणि पुढे कितीतरी दिवस प्रत्येक उडीपाशी ते धरून उभे राहायचे. निष्कर्ष काय निघाला ते मात्र त्यांनी मला सांगितलेलं नाही.

दुसरं वाकणं शांत असतं. तिथे उडी नसते, झटापट नसते. ओळ बांध सोडून दोन-तीन मीटर बाजूला जाते, एका गवताच्या ठोंबापाशी किंवा जुन्या बिळापाशी थांबते, थेंबभर पिवळा डाग टाकते आणि पुन्हा बांधाला लागते. पुढच्या बर्फानंतर जाऊन पाहावं तर पुन्हा त्याच ठिकाणी तसंच. कोल्ह्याच्या हद्दीत अशी ठरलेली ठिकाणं भरपूर असतात आणि तो त्यांचा हिशेब ठेवतो. सापळा लागतो तो या हिशेबात.

लाल कोल्हा (आपल्याकडच्या माळावरच्या खोकडाचा थोराड, दाट केसांचा भाऊबंद) जास्तीचं अन्न पुरून ठेवतो हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या पायांनी वीतभराहून कमी खड्डा, त्यात उंदीर किंवा पक्षी किंवा अंडं, मग नाकाने माती लोटून वर पालापाचोळा. सगळं एका जागी साठवत नाही, विखरून ठेवतो. म्हणजे एक ठेवा रॅकूनने (इथलं मांजरापेक्षा थोराड, मिळेल ते उकरून खाणारं जनावर) उकरला तरी बाकीचे शाबूत. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रेव्हनग्लासच्या वाळूच्या टेकड्यांवर प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी कोल्ह्यांना पक्ष्यांची अंडी पुरताना आणि नंतर येऊन ती काढताना टिपलं होतं. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते कॅनडातल्या डेव्हिड हेन्री यांचं काम. सस्कॅचवनमधल्या प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात ते कोल्ह्यांच्या मागे मागे हिंडले. त्यांचा प्रश्न साधा होता. कोल्हा जिथे तिथे लघवी करतो, पण हद्दीच्या सीमेवर करावी तशी नव्हे. हाडाच्या तुकड्यावर, पिसांवर, उकरून रिकाम्या झालेल्या खड्ड्यावर करतो. का?

१९७७ मध्ये त्यांनी उत्तर छापलं. ठेवा काढून खाल्ला की कोल्हा त्या रिकाम्या खड्ड्यावर खूण करतो. अन्नाचा वास तिथे अजून दरवळत असतो, पण खूण सांगते की आता इथे खाण्याजोगं काही उरलेलं नाही. पुढच्या फेरीत तो किंवा दुसरा कोल्हा येतो, हुंगतो आणि फार न उकरता पुढे जातो. वास आहे पण खूण नाही, अशा जागी मात्र तो नीट उकरून बघतो. हेन्री यांनी स्वतः बनावट खड्डे करून हे तपासलं. म्हणजे ही खतावणीच झाली. शिल्लक संपली की खात्यावर आडवी रेघ, आणि रेघ दिसली की त्या पानावर वेळ घालवायचा नाही.

आता आजोबा सापळा कसा लावतात ते पाहा.

जागा ते ऑक्टोबरात ठरवतात, बर्फाच्या आधी. कोल्ह्याच्या वाटेवर नाही, वाटेच्या जरा बाजूला आणि वाऱ्याच्या अंगाला, म्हणजे वास आपोआप वाटेवर वाहत जाईल. गुडघ्याखाली एक जाड कापड अंथरतात, हातात रबरी मोजे. खुरप्याने सापळ्याच्या मापाचा उथळ खड्डा करतात, त्यात लोखंडी खुंटी ठोकतात, खुंटीला साखळी, साखळीला सापळा. सापळा बसवल्यावर ते चारी कडांवर अंगठ्याने दाबून पाहतात. जरा जरी डळमळला तरी पुन्हा काढतात, माती ठासतात, पुन्हा बसवतात. याला फार वेळ जातो आणि थंडीत बघत उभं राहणाऱ्याचा जीव जातो. पण कोल्ह्याचा पाय कडेवर पडला आणि खाली काही हललं, तर तो पाय उचलून घेतो आणि मग बाजूने माती उकरून सापळा उघडा पाडतो. उघडा पाडलेला सापळा मी पाहिला आहे. इतकं नीट काम की मधल्या चकतीवरची (हिच्यावर पाय पडला की जबडे मिटतात) मातीसुद्धा झाडलेली.

सापळ्याच्या मागे, वीतभर अंतरावर, तिरकं भोक. जमिनीत साधारण वीतभर खोल, उंदराने केलं असावं इतक्याच रुंदीचं, मागच्या बाजूला गवताचा ठोंब किंवा दगड, म्हणजे कोल्हा समोरूनच येईल. भोकाच्या तळाशी आमिष. सापळ्यावर चाळणीने चाळलेली माती, खडा एकही नको, कारण जबड्यांमध्ये खडा अडकला की ते मिटत नाहीत. सापळा भोकाच्या नेमका समोर मात्र ठेवत नाहीत. किंचित डावीकडे किंवा उजवीकडे. कारण भोकासमोर मध्यावर कोल्ह्याचं नाक येतं, पाय येत नाहीत. पाय नाकाच्या दोन्ही बाजूंना असतात. ऐकल्यावर हे इतकं उघड वाटतं, पण हे शोधायला कुणाला तरी बऱ्याच रात्री रिकाम्या गेल्या असणार.

म्हणजे कोल्ह्यासमोर एक बनावट ठेवा मांडलेला असतो. कुणीतरी काहीतरी पुरलंय आणि ते अजून काढलेलं नाही. त्याच्या खतावणीत दुसऱ्याच कुणीतरी घुसवलेली नोंद.

शेवटी आजोबा मागच्या ठोंबावर कोल्ह्याचीच लघवी शिंपडतात. बाजारात बाटलीत मिळते. इथे माझी गाडी अडली. हेन्री म्हणतात की लघवीची खूण म्हणजे इथे काही नाही. मग सापळ्यावर ती शिंपडायची कशाला? कोल्हा निघून नाही का जाणार?

आजोबांचं उत्तर असं की जातोच. पण जाण्याआधी तो येतो. सापळ्याला त्याने तासभर थांबायची गरज नाही. चकती रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, तिच्यावर एक पाय क्षणभर पडला की पुरे. मला वाटतं यात अजून एक पदर आहे. आमिष सांगतं, शिल्लक आहे. लघवी सांगते, खातं बंद. आणि लघवी अनोळखी कोल्ह्याची, म्हणजे हद्दीत परका शिरलाय. तीन नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. हिशेब जुळत नसला की नेटका कारकून पुढे जात नाही, थांबून तपासतो. हा तर्क माझा आहे, हेन्रींचा नाही.

वासाचीच गोष्ट निघाली म्हणून. हिवाळ्यातल्या कोल्ह्याच्या लघवीला एक उग्र दर्प असतो, इथले लोक त्याची तुलना स्कंकशी, म्हणजे शत्रूवर घाण वासाचा फवारा मारणाऱ्या इथल्या जनावराशी, करतात. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांच्या मीलनाचा काळ, तेव्हा तो दर्प इतका असतो की जंगलाच्या कडेने जाताना माणसालाही कळतो. १९७८ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी हिवाळ्यातल्या लघवीचं विश्लेषण केलं तेव्हा त्यात गंधकाची संयुगं सापडली. आजोबांच्या शेडमध्ये फळीवर छोट्या बाटल्यांची रांग आहे. वेगवेगळ्या ग्रंथींचे अर्क, बीव्हरचं कस्तुरीसारखं द्रव्य, बडीशेपेच्या जातीचं तेल. त्यांनी त्यातली एक उघडून माझ्या नाकाखाली धरली आणि मला थेट आमच्या सोलापूरच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडलं. हिंग. फसवा नव्हे, भास नव्हे, खरोखरचा हिंग. सापळेवाल्यांच्या मिश्रणांत तो पिढ्यानपिढ्या पडत आलाय. हिंगाचा उग्रपणाही गंधकाच्या संयुगांचाच, त्यामुळे कोल्ह्याच्या नाकाला त्यात ओळखीचं काहीतरी लागत असावं.

मग त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे हा खातात असं ऐकलंय, खरं का? मी घरून डबी आणली. वास घेऊन त्यांनी मान हलवली. हा अर्धा पीठच आहे, म्हणाले. बरोबरच होतं. दुकानातला बांधानी हिंग म्हणजे पीठ, डिंक आणि थोडा हिंग. त्यांना शुद्ध राळ हवी होती, अफगाणिस्तानातून येते तशी. ती मलाही मिळत नाही. पण त्या दिवसापासून एक नियम लागू झाला. घरात ज्या जाकिटावर फोडणीचा वास बसला असेल ते घालून मी त्यांच्याबरोबर यायचं नाही. माझ्यासाठी शेडमध्ये त्यांचं एक जुनं जाकीट टांगलेलं असतं. त्याला गाईंचा वास येतो आणि गाईंच्या वासाला कोल्हा आयुष्यभर सरावलेला आहे.

डिसेंबर उजाडला की सगळं शास्त्र बाजूला पडतं आणि लढाई सुरू होते ती गोठण्याशी. मातीत ओल असते. रात्री ती गोठते आणि सापळ्यावरची माती फरशी होऊन बसते. कोल्हा येतो, त्या फरशीवर उभा राहतो, आमिष ओढून खातो, ठोंबावर खूण करतो आणि जातो. खाली सापळा तसाच ताणलेला. सकाळी ताज्या बर्फावर सगळा प्रकार लिहिलेला असतो. आजोबांच्या तोंडून शिवी मी तेवढ्याच वेळी ऐकली आहे.

उपाय सगळे अर्धवट. ऑगस्टमध्ये ऊन खाल्लेली कोरडी माती पिंपांत भरून गोठ्यात ठेवायची आणि हिवाळ्यात तीच वापरायची. पण दुपारी बर्फ वितळला की तिच्यातही पाणी उतरतं. मीठ घातलं तर माती सैल राहते, पण लोखंड गंजतं आणि चाटायला हरणं येतात. पीटची (दलदलीतल्या कुजलेल्या झाडपाल्याची) भुसभुशीत माती चटकन गोठत नाही, पण ती हलकी आणि पायाखाली दबते, कोल्ह्याला संशय येतो. सगळ्यांत चांगली म्हणजे मेण चोळलेली माती. कोरडी वाळूमिश्रित माती तापवून तिच्यात पॅराफिन मेणाचा चुरा मिसळतात, प्रत्येक कणावर मेणाचा पातळ थर बसतो, पाणी आत शिरत नाही. आजोबा हे काम जुलैच्या उन्हात पत्र्यावर करतात. शेजारीण समजते की ते बागेसाठी खत करताहेत, आणि ते तिला समजू देतात.

मेणाच्या आधीच्या काळातल्या लोकांनी जे केलं ते मला जास्त देखणं वाटतं. जमिनीतून उमळून येणारा झरा कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. झऱ्याच्या उथळ पाण्यात सापळा बुडवायचा, त्याच्या चकतीवर शेवाळाचा एवढासा गोळा ठेवायचा, तो पाण्याबाहेर जेमतेम दिसेल इतका. पलीकडे एका दगडावर आमिष. कोल्ह्याला पाय ओले करायला आवडत नाही. कोरडं पाऊल ठेवायला मध्ये एकच जागा असते. पाण्यात माणसाचा वासही राहत नाही आणि गोठण्याचा प्रश्नही नाही. आता झरे कमी उरलेत, जे आहेत त्यांच्याभोवती घरं झालीत. शेणाच्या किंवा भुसाच्या ढिगात सापळा लपवण्याची पद्धतही तशीच मागे पडली. ढीग आतून ऊबदार असतो, त्यामुळे गोठत नाही आणि उंदरांमुळे कोल्ह्याची फेरी तिथे ठरलेली असते.

कोल्हा सापळ्यापाशी पहिल्या रात्रीच पाऊल टाकेल अशी अपेक्षा नसते. जानेवारीतल्या एका पहाटे आम्हाला तीन वेळांचा माग एका जागी वाचायला मिळाला, कारण मधल्या काळात बर्फ थोडा थोडा पडत गेला होता आणि जुने ठसे अर्धवट बुजले होते. सगळ्यात जुना माग बांधावरून चालताना नुसता थबकलेला. पुढचे दोन पाय शेजारी शेजारी, म्हणजे तोंड भोकाकडे करून उभा राहिलेला, मग पुढे निघून गेलेला. त्यानंतरचा माग वाऱ्याच्या खालच्या अंगाने अर्धवर्तुळ काढून, दोन हातांवर येऊन थांबलेला. तिथे बर्फ जरा दबलेला होता, तो बराच वेळ थांबला असावा. तिसऱ्या खेपेला तो सरळ ठोंबाच्या मागच्या बाजूने आला, दगडावर पाय देऊन वरून मान खाली घातली आणि आमिष काढून घेतलं. सापळ्यावरचा बर्फ कोरा. ठोंबावर पिवळा थेंब. आजोबा वाकून बघत राहिले आणि म्हणाले, याने खातं बंद केलं, पण आता हा परत येत राहील.

आणि आला. रिकामं भोकसुद्धा तो तपासत राहिला. आमिष गेलं, वास विरला, तरी ती जागा त्याच्या फेरीत दाखल झाली होती. हावरट म्हणा, लबाड म्हणा, बालपणीच्या सगळ्या गोष्टींमध्ये कोल्ह्याला जे जे म्हटलंय त्यातलं इथे मला काहीच दिसलं नाही. दिसली ती चिकाटीने ठेवलेली नोंदवही.

इथे नियमांचं जाळंही दाट आहे. न्यूयॉर्क राज्यात सापळे लावायला शिक्षण घेऊन परवाना काढावा लागतो. दातेरी जबड्यांना बंदी आहे, प्रत्येक सापळ्यावर मालकाचं नाव-पत्ता किंवा परवान्याचा क्रमांक असावा लागतो, आणि राज्याच्या बहुतेक भागात चोवीस तासांत एकदा प्रत्येक सापळा पाहून यावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जुना दातेरी सापळा १९५८ मध्येच बंद झाला. युरोपीय संघाने १९९५ पासून पाय धरणाऱ्या सापळ्यांवर बंदी घातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कॉलोराडोच्या मतदारांनी १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये त्यांच्यावर कडक बंधनं आणली. मी इथे मतदार असतो तर बंदीच्या बाजूने मत दिलं असतं. तरी हेही लिहायला हवं की कोल्ह्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालणारे संशोधकही पाय धरणाराच सापळा वापरतात, फक्त जबड्यांना रबर लावलेला. आणि नव्वदच्या दशकात याच राज्याच्या पश्चिम भागात पाणमांजरं पुन्हा सोडली गेली, ती सापळेवाल्यांनीच दुसरीकडून जिवंत पकडून दिली होती.

भारतात हा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला. त्यातल्या शिकारीच्या व्याख्येत सापळा, फास आणि आमिष लावणंही येतं. मी सोलापूरकडचा. नान्नजच्या माळावर खोकड दिसतं, संध्याकाळी बिळाच्या तोंडाशी बसलेलं. आणि आमच्याकडे फासेपारधी आहेत. जमिनीवरचा माग, जनावराची सवय, फास कुठे आणि कसा टाकायचा, ही सगळी विद्या त्यांच्याकडे होती. इंग्रजांनी त्यांना गुन्हेगार जमात ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र अजून पुसला गेलेला नाही. तीच विद्या आजोबांच्या पाकिटात प्लॅस्टिकच्या परवान्याच्या रूपात आहे आणि गावात त्यांना लोक मान देतात. शिकार थांबली हे मला योग्यच वाटतं. पण ज्यांना माग वाचता येत होता त्यांच्याकडून तो आपण शिकून घेतला नाही, याचं वाईट वाटतं.

कातड्यांत आता पैसा राहिलेला नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी लाल कोल्ह्याच्या चांगल्या कातड्याला पन्नास डॉलरच्या पुढे भाव होता, तेव्हा शाळकरी पोरं हिवाळ्यात सापळे लावून जुनी गाडी घ्यायची. आता आजोबांचा पेट्रोलचा खर्चही निघत नाही. टोरोंटोचं फरचं मोठं लिलावघर २०१९ मध्ये कोसळलं. १६७० मध्ये फरच्या व्यापारासाठी उभ्या राहिलेल्या हडसन्स बे कंपनीची दुकानंसुद्धा २०२५ मध्ये बंद झाली. तरी ते लावतात, दरवर्षी कमी. हल्ली मोजकेच. एखाद्या वर्षी लावतही नाहीत, नुसता माग बघत फिरतात, आणि सापळा नसला तरी जाकीट मात्र तेच घालायला लावतात.

आमच्यात एका गोष्टीवरून अजून एकमत झालेलं नाही. कोल्हा सापडला की तो साखळीच्या टोकाला खुंटीभोवती फिरतो, उकरतो, गवत उपटतो. सकाळपर्यंत तिथे उघड्या मातीचं गोल वर्तुळ तयार होतं, त्यात त्याची लघवी, विष्ठा, केस. माणसाला वाटेल की दुसरा कोल्हा या जागेकडे फिरकणार नाही. उलट होतं. सापळा त्याच वर्तुळाच्या कडेला पुन्हा लावला तर तिथे दुसरा कोल्हा सापडण्याची शक्यता नव्या कुठल्याही जागेपेक्षा जास्त असते. हे आजोबाच नव्हे, इथला प्रत्येक सापळेवाला सांगेल.

का येतात? आजोबा म्हणतात, भीतीला वास नसतो, निदान कोल्ह्याच्या नाकाला तरी नाही. त्याला दिसते ती उकरलेली ताजी माती आणि दुसऱ्या कोल्ह्याने केलेला मोठा उद्योग. एवढं उकरलंय म्हणजे इथे नक्की काहीतरी होतं. माझं म्हणणं वेगळं. मला वाटतं बहुतेक वेळा ती त्याची जोडीदार असते किंवा शेजारच्या हद्दीतला नर. हद्दीतली एक खूण नियमाने पडत होती, ती पडायची थांबली. ते कारण शोधत येतात. आजोबांना हे पटत नाही. आधी कोण सापडला आणि नंतर कोण, नर की मादी, ते लिहून ठेव, म्हणतात, मग बोल. मी लिहायला लागलोय. पण ते म्हणतात की फेब्रुवारीतल्या नोंदी धरायच्या नाहीत, कारण त्या महिन्यात नर काहीही कारण नसताना कुठेही जातो.